व्हिसा नाकारला त्या संध्याकाळी

आई, आज ऑफिसातून आले आणि चपलाही न काढता बसून राहिले. तू माझ्याकडे दुबईला आली होतीस, तेव्हाची एक संध्याकाळ आठवली. शाळेत तू आम्हाला भूगोल शिकवायचीस. भूमध्य सागरी हवामान, ऑलिव्ह, द्राक्षं, मद्यनिर्मिती. 'मद्य' म्हटल्यावर वर्गात कोणी हसलं की त्याला उभं करायचीस, पोटच्या मुलीलासुद्धा. निवृत्त झाल्यावर तुझी हौस एकच, गुडघे चालतात तोवर इटली डोळ्यांनी बघायची. मी इथून अर्ज केला, आणि तुझा पासपोर्ट शिक्क्याशिवाय परत आला. तू बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागलीस. मला ते बघवेना. "साडी बदल, बाहेर जायचंय," एवढंच मी म्हटलं.

देरा या इथल्या जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलात इटालियन वाइन बार होता, तिकडच्या जुन्या पद्धतीचा. खुर्च्या नावाला, लोक काउंटरशी उभे, एका हातात ग्लास, दुसऱ्यात पावाचा इवलासा तुकडा, त्यावर काहीबाही रचलेलं. तू पर्स पोटाशी धरून उभी आहेस. "एवढं नटून यायचं आणि बुफेसारखं उभ्यानं खायचं?" काउंटरमागच्या माणसाला विचारतेस, "आप इटली के?" तो हसतो. "नहीं आंटी, मंगलोर." "बरं झालं. याला विचार गं, मासा कशात नाहीये?" तो बशीत ऑलिव्ह ठेवतो. तू एक तोंडात टाकतेस आणि डोळे घट्ट मिटतेस. "शी! हे मी जन्मभर शिकवलं?" तरी दुसरं उचलतेस. मग माझ्या ग्लासातला एक घोट घेतेस. मी बघतच राहते. "बघतेस काय? मद्यनिर्मिती." मी हसले, तर तू वर्गातल्यासारखी भुवई चढवलीस.

निघताना म्हणालीस, "पुढच्या वर्षी परत अर्ज करू या?" मी इथल्या सवयीनं इन्शाल्ला म्हटलं. "ते नको. हो की नाही, सांग." मी हो म्हटलं. ते पुढचं वर्ष तू पाहिलं नाहीस.

नंतर कंपनीनं मला इटलीला पाठवलं. व्हिसा मागितल्याबरोबर मिळाला. परत आल्यावर प्रत्येकानं काय आणलंस ते विचारलं. कसं आहे ते खोदून खोदून विचारणारी एकटी तूच असतीस. म्हणून आज लिहायला बसले, आणि तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. बैठका संपल्या, एक दुपार मोकळी मिळाली. बरोबरचे लोक गाव बघायला गेले. मी खोलीचे पडदे ओढले आणि आडवी झाले. त्या वर्षांत मी इतकी दमलेली असायचे की खिडकीबाहेर काय आहे, हेही पाहिलं नाही. हे पत्र कुठे टाकता येत नाही, तेच बरं. तुझ्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती. पण खोटं कशाला बोलू आई, झोप फार छान लागली.