शांतपणे ऐकून घेण्याचं प्रशिक्षण

सोमवार, २ सप्टेंबर
शाळेचा अभ्यासक्रमप्रमुख झालो. उशिरा का होईना. लगेच प्रशिक्षणही सुरू. ट्रेनर बाई म्हणाल्या, चांगला प्रमुख कमी बोलतो, जास्त ऐकतो. मी पूर्वीपासून हेच करत आलोय, हे त्यांना सविस्तर समजावलं. चहाची सुट्टी त्यातच गेली. बाकीचे चिडलेले दिसले. मत्सर.
संकल्प : आवाज चढवायचा नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर
आज सराव. जोडीदाराने मत मांडायचं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. जोडीला नेमका मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ, आमच्याच शाळेत सायन्स शिकवतो. मला इथे त्यानेच चिकटवलं, पण कधी बोलून दाखवत नाही. मुद्दाम.
म्हणाला, दाजी, विजेचा धडा सातवीतून सहावीत आणू नका, पोरांच्या डोक्यावरून जाईल. मी अवाक्षर काढलं नाही. फक्त हातातली पेन्सिल मोडली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. हल्ली पेन्सिली फार हलक्या येतात.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
स्टाफरूममध्ये मीटिंग. सुरुवात खेळीमेळीत. मेहुण्याचं परत तेच तुणतुणं. त्याने लिहून आणलेला धड्याचा प्लॅन मी शांतपणे फाडला. तुकडे त्याच्या चहात पडले, त्याला मी काय करणार? त्याने डस्टर फेकला. माझ्या कानाला चाटून भूगोलवाल्या सरांच्या कपाळावर. टेंगूळ. मग मी स्टेपलर फेकला, तोही भिंतीकडे. लायब्ररीवाल्या बाई मध्ये आल्या. चष्मा फुटला, भुवईला टाके. फीडबॅक ताबडतोब द्यावा, असं प्रशिक्षणातच सांगितलंय.
घरी बायको म्हणाली, दादाशी असं वागता? म्हटलं, घरात शाळा नको. ताट आपटलं. म्हणजे निसटलं.

सोमवार, ९ सप्टेंबर
ट्रेनर बाईंनी रागावर उपाय सांगितला : लांब श्वास, नाकाने. नाक सुजलंय. शनिवारी पार्किंगमध्ये मेहुण्याशी समेट करायला गेलो होतो. कॉलर धरूनच बोलणं सुरू केलं, म्हणजे माणूस मध्येच निघून जात नाही. सुटायच्या धडपडीत त्याचं कोपर लागलं. लगेच रुमाल काढून सॉरी दाजी, सॉरी दाजी. मी रुमाल झटकला आणि त्याच्या पोटात गुडघा घातला. समेट अर्धवट राहिला.
उद्या सहावीत स्वतः वीज शिकवणार. सगळ्यांची तोंडं बंद.

मंगळवार, १० सप्टेंबर
धडा उत्तम झाला. निदान सुरुवात.
एका मुलीने विचारलं, सर, वीज तारेत शिरते कुठून? सांगितलं. परत विचारलं. परत सांगितलं, जरा मोठ्याने. तिने पुन्हा हात वर केला तेव्हा लाकडी पट्टी टेबलावर हाणली. पट्टीचे तुकडे उडाले. ती रडायला लागली, मग सगळा वर्गच. मेहुणा शेजारच्या वर्गातून धावत आला. हळूच म्हणाला, दाजी, पोरं घाबरलीत, चला बाहेर. खांद्यावर हात ठेवला.
मी ठोसा मारला. सगळी ताकद लावून.
जबड्याचा आवाज आला. तो बाकावर आदळून खाली पडला. तोंडातून रक्त, दात फरशीवर. पोरं बाकांखाली शिरली.
त्याने खांद्यावर हात ठेवायला नको होता.

गुरुवार, १२ सप्टेंबर
त्याचा जबडा डॉक्टरांनी बांधून टाकलाय. बोलता येत नाही. बायको हॉस्पिटलमध्येच आहे. मुख्याध्यापिकांना म्हटलं, टीमवर्कमध्ये मतभेद व्हायचेच. त्यांनी पोलिसांना आत बोलावलं. पद गेलं. चौकशी होईपर्यंत शाळेत पाऊल ठेवायचं नाही. ट्रेनर बाईंना फोन करून विचारलं, सर्टिफिकेट तरी मिळेल का. फोन कट झाला. लाइन खराब असावी.
संकल्प : शनिवारी हॉस्पिटलमध्ये जाऊन मेहुण्याला मोठ्या मनाने माफ करायचं.

मंगळवार, १७ सप्टेंबर
शनिवारी गेलो नाही. ढग होते. रविवारीही नाही. उजवा हात सुजून टम्म झालाय, हे डाव्याने खरडतोय.
दुपारी बायको कपडे न्यायला आली. कपाटाकडे तोंड करूनच बोलत होती. म्हणाली, दादा सकाळपासून मूठ वळून दाखवतोय. मला वाटलं, तुम्हाला मारायचं म्हणतोय. म्हटलं, मार, मी धरते त्यांना. तर नुसता मान हलवतोय, नाही नाही. फार वेळाने कळलं. तुमचा हात दुखतोय का, असं विचारत होता.
काय सांगू त्याला, म्हणाली.
माझ्याकडे पुष्कळ मुद्दे तयार होते.
दुखतोय, म्हणालो.
तिने बॅगेची चेन ओढली आणि गेली.