अक्का, नुसतं ‘घे’ म्हणजे काय?

अक्का,

हे बरं नाही केलंत तुम्ही! मी तुमची धाकटी जाऊ होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला सुरी कधी हातात दिली नाहीत. खाली ठेवायची, मग मी उचलायची. हातातून हातात दिली की दोघींत भांडण लागतं, ही तुमचीच शिकवण. एकदा घाईत मी हात पुढं केला, तर केवढ्यानं ओरडला होतात! आणि डोळे मिटायच्या आदल्या दिवशी खुशाल माझ्या तळहातावर ठेवलीत? भांडायचं होतं तर थांबायचं होतं ना. आता मी भांडू कुणाशी, भिंतीशी?

मला लिहायचा किती कंटाळा ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीतून काढलेली बाई मी, जोडाक्षर आलं की अजून हात अडतो. पण चुलीपाशी एकटी बोलायला लागले की हे दारात येऊन बघतात, हिचं डोकं तर नाही ना फिरलं. म्हणून लिहायलेय. आणि वेळ नाही आता. शुक्रवारी ह्यांना कचेरीत सांगायचंय, औरंगाबादला जाणार की इथंच हैद्राबादेत राहणार. राज्य तोडायलेत ना. मराठी मुलूख तिकडं, तेलुगू इकडं, कानडी आणखी कुठं. भाकरी मोडावी तसं.

यावरूनच तर आपलं चाललं होतं. मी म्हणत होते, चला, तिकडं सगळं मराठी, परभणी जवळ, माझं माहेर जवळ. तुम्ही भाजीतून मान वर न करता म्हणायच्या, “जा की. मी हा गौलीगुडा मोहल्ला सोडणार नाही.”

“एकट्या राहणार?”

“एकटी कशी? शेजारी खातूनबी आहे. मोरीत घूस आहे.”

“राज्य बदलायलंय, अक्का!”

“मला विचारलं का कुणी? माझं राज्य या चुलीपासून त्या मोरीपर्यंत. तोडा म्हणावं.”

मी भांडी आपटायची, तुम्ही सुरी घेऊन बसायच्या.

ती सुरी आणि तिच्या धारेला लावायची ती पोलादाची सळई. भावजी सिकंदराबादेला गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये कोठी सांभाळायचे. गोरे गेले आणि शिंगाच्या मुठीची ती हातभर सळई आपल्या घरी आली. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या, खाटकाचं हत्यार म्हणे ब्राह्मणाच्या स्वयंपाकघरात! पुढं भावजी गेले. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, आता तरी टाका ती. तुम्ही ती चिंचेनं घासलीत, पुसलीत, परत खुंटीला लावलीत. “त्यांचा हात लागलेली आहे, तिला कसला विटाळ?” पुन्हा कुणाची छाती झाली नाही बोलायची.

रोज सकाळी भाजी चिरायच्या आधी सळई डाव्या हातात उभी धरायची आणि सुरी तिरकी करून वरनं खाली ओढायची, एकदा या अंगानं, एकदा त्या. सर्र, सर्र. तेवढा वेळ तुम्ही कुणाशी बोलायच्या नाहीत. मी मेली तेव्हाच नेमकं विचारायची, मीठ कुठंय, जिरं कुठंय. जरा गप्प बसता आलं नाही मला.

खातूनबी मात्र भिंतीवरनं डोकावायचीच. “क्या अक्का, सुबे सुबे जंग पे जारे क्या?”

“हौ, पैले तुमकोच काटती!”

आणि दोघी खोकला येईस्तोवर हसायच्या. परवा तिनं तशीच मान वर काढली. मला बघितलं आणि खाली गेली. भिंतीपलीकडं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मला शिकवायला गेलात त्याचं काय झालं आठवतं? मी दणादण घासली. तुम्ही कपाळाला हात लावलात. “गोदे, सुरी आहे ती, तुझी नणंद नाही. दाबू नको. सायीवरनं बोट फिरवतेस ना, तसं.” मी म्हटलं, धार लावायची तर जोर नको? तर म्हणालात, “सळईनं धार लागत नाही. धार असतेच, रोजच्या कामानं नुसती वाकते. ती सरळ करायची. झिजलीच तर मग दगड.” मला कुठली एवढी सबर! मी विळी ओढून बसायची आणि सुरी तुमच्यावर सोडून द्यायची. वाटायचं, तुम्ही आहात की.

आता सुरी टमाट्यावरनं घसरते. मी सळई धरते, तसंच करते, अगदी तसंच. पण सर्र होत नाही हो, खर्र होतं.

हे म्हणाले, “सानवाला येतो ना चाकावर धार लावणारा, त्याला दे.” मी अशी ओरडले की बिचारे ताटावरनं उठले. मग हात धुऊन आले आणि हळूच म्हणाले, “अगं, शुक्रवारी सांगून टाकतो औरंगाबादला जातो म्हणून. आता आपल्याला अडवायला तरी कोण आहे?”

वाईट मनानं नाही म्हणाले. पण तव्यावर पोळी तशीच टाकून मी मोरीत जाऊन बसले. नळ सोडून रडलं की बाहेर ऐकू जात नाही.

खरंच, कोण आहे अडवायला? वाट मोकळी झाली, मला पाहिजे होती तश्शी! तुम्ही अडवून धरलं होतंत तोवर माझा जीव परभणीकडं धावत होता. आता पेटी भरायला घेतली की हात चालत नाही. तिथं सगळी मराठी बोलतील, पण तुमच्यासारखं कोण बोलेल?

त्या दिवशी छातीत कफ घरघरत होता आणि तुम्ही म्हणालात, सुरी आण, सळई आण. मी तुमच्या पाठीला टेका देऊन बसले. तुमचा हात थरथरत होता, पण सुरी सळईवर टेकली की थरथर थांबायची. कशी, ते देव जाणे. मग ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “घे.”

घे म्हणजे काय, अक्का? घे आणि जा तुझ्या मुलखात? की घे आणि बस माझ्या जागी? की नुसतं खाली वाकवत नव्हतं म्हणून घे? एक शब्द जास्त बोलायला काय झालं होतं! जन्मभर मला टोमणे मारायला तोंड होतं की तुम्हाला!

ह्यांना मी अजून हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते म्हणतात, तू सांगशील तसं. मला पहिल्यांदाच कुणी विचारलंय आणि मला सांगता येत नाही.

तेव्हा तुम्ही सांगा. वचन देते, तुम्ही म्हणाल ते करीन, उलटून एक अक्षर बोलणार नाही. मी, गोदी, बोलणार नाही! जा म्हणालात तर मागं न बघता स्टेशनाकडच्या बंडीत बसेन. राहा म्हणालात तर परभणीचं नाव काढणार नाही. स्वप्नात या, खातूनबीच्या तोंडून बोला, कसंही करा. पण आडवळणानं नको. मला तेवढी अक्कल नाही.

शुक्रवारी सकाळी हे कचेरीत जातील. बेस्तरवारी दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे. जाऊ, का राहू?

तुमची धाकटी जाऊ,
गोदावरी