बर्गीची डावी बाजू

अहो,

आज मोठ्या पेचात पडलेय, आणि विचारायचं कोणाला, तर तुम्हालाच. म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर स्वयंपाकघरातूनच ओरडून विचारलं असतं.

बर्गी कालपासून जेवेना. मला वाटलं, तुमची आठवण काढत असेल. माझ्या तरी घशाखाली कुठे घास उतरतोय? पण तोंडाला वास यायला लागला, म्हणून सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नाव ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. इथे बंगाली पोरांना बर्गींची, म्हणजे आपल्या मराठी घोडेस्वारांची भीती घालतात. शेजारी आपल्याला तेच म्हणून चिडवायचे, तर तुम्ही ऐटीत कुत्र्याचंच नाव बर्गी ठेवलंत! हे सगळं मी त्यांना सांगत बसले.

मग त्यांनी त्याचे ओठ वर केले आणि त्यांचं हसू थांबलं. म्हणाल्या, "मासिमा, तुम्ही एकाच बाजूचे दात घासता का?"

मला रागच आला. तुम्ही गेल्यापासून कोणी घासले नाहीत हे खरं. पण त्याआधी? रोज चहा झाला की तुम्ही बाल्कनीत बसायचात. बर्गीला पाठमोरं गुडघ्यांमध्ये धरायचं, दोन्ही हातांच्या बोटांना ओलं गॉझ गुंडाळायचं. उजव्या हाताने उजवी बाजू, डाव्याने डावी. खिदिरपूरच्या गोदीत जन्म गेलेला माणूस, पण हात असा हलका की कुत्रा डोळे मिटून घ्यायचा. एक दिवस खाडा नाही. तसं मी ठणकावून सांगितलंही.

तर त्यांनी मलाच आत बघायला लावलं. उजवे दात जरासे पिवळट, बस्स. डाव्या दाढांवर मात्र तपकिरी जाड थर, हिरडी लालभडक, एक दाढ हलतेय. हे दोन-तीन महिन्यांचं नाही, वर्षभराचं साचलंय, असं त्या म्हणाल्या.

वर्षभर? तेव्हा तर तुम्ही होतात!

दुखतं म्हणून कुत्रा एकाच बाजूने चावतो, त्यानेही असं होतं म्हणे. मग मी काय धरून बसलेय? पण गेल्या वर्षी तुम्ही शर्ट सोडून टी-शर्ट का घालायला लागलात? उकाडा, म्हणालात. जानेवारीतही? बाजाराची एक पिशवी आपल्या कामवाल्या शेफालीकडे का द्यायला लागलात? पेपर टेबलावर पसरून का वाचायचात? डावा हात जड होत होता ना, अहो? आणि तरी रोज बर्गीला घेऊन बसायचात, कारण मी समोरच तुळशीला पाणी घालत असायचे.

रागावू की रडू, काही सुचत नाहीये. तेव्हाच सांगितलं असतंत तर तुम्हाला घेऊन गेलेला तो अर्धांगाचा झटका टळला असता का? की मी उगाच कुत्र्याच्या दातांवरून तुमचा हात ओळखायला निघालेय?

दाढ परवा काढायची आहे, भूल देऊन. त्याचं वय बघून जीव धास्तावलाय. बाकीचे दात वाचतील, पण रोज घासले तरच. कुत्र्यांची वेगळी पेस्ट असते, तीच लावायची. आपली नाही, त्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. मघाशी त्याला घेऊन बसले. उजवीकडे त्याने मुकाट्याने बोट फिरवू दिलं. डावीकडे नुसता ओठ उचलला, तर मान वळवून तुमच्या खुर्चीकडे बघत राहिला. दुखलं म्हणून बघितलं, की त्याला सगळं माहीत होतं?

जखम भरली की डावी बाजू मी घासेन. रोज, हळूहळू, जमेल तसं. आणि शब्द देते, माझ्या हाताला नुसत्या मुंग्या आल्या तरी त्याच दिवशी पोरीला बंगळुरूला फोन करेन. घाबरली तर घाबरू दे. माझ्यामागे तिला हे कुत्र्याच्या दाढेवरून कळायला नको.

तुमचीच,
कुसुम