फाटक उघडं असताना

मंगळवार, वैशाख लागला. माजलगाव.

संध्याकाळी आण्णासोबत टीव्हीवर सिनेमा पाहिला, तेव्हापासून ते उघडं फाटक डोळ्यांपुढून हलत नाही. नायक निर्दोष, तरी तुरुंगात. एकदा आग लागते, फाटक उघडं पडतं, सगळे कैदी पळतात आणि हा एकटा आतच बसून राहतो. मी सहज बोलून गेले, "किती नीतीचा माणूस. खरे चोर बाहेर आणि हा आत."

आण्णा म्हणाला, "नीती कशाची आली त्यात? गावानं चोर ठरवल्यावर जाईल कुटं त्यो?"

बोलण्याआधी विचार करायला हवा होता. दुष्काळात सोसायटीच्या छावणीतला चारा विकल्याचा आळ माझ्या या भावावरच आला होता. तुरुंगात गेला, पुढे कोर्टाने निर्दोष सोडला. त्याला मी नीती सांगत होते.

"मला बी जामीन मिळत होता," तो म्हणाला. "मीच नको म्हणलं. आत निदान कुनी तोंड फिरवत नव्हतं."

आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, आण्णाने तत्त्वासाठी जामीन नाकारला. त्यालाच एकदा विचारावं, असं मला का वाटलं नाही?

टीव्ही बंद करायला उठले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, शेवट बघू."

नायक सुटतो तेव्हा त्याच फाटकाबाहेर अख्खं गाव हार घेऊन उभं असतं. आण्णा बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या येळंला तू एकटीच आलतीस."