फोटोत नसलेले बाबा

९ मार्च, रविवार. अकोला

आईच्या डोळ्यांचं खरं निघालं. काचबिंदू. उजवा गेल्यात जमा, डाव्यानं समोरचं तेवढं दिसते, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळायची. किती दिवस, ते दादानं दोनदा विचारलं तरी सांगितलं नाही.

ऑटोत आई एवढंच म्हणाली, "बांगडीतून पाह्यल्यावानी दिसते." मोर्णा नदीच्या पुलावर आलो तर अचानक म्हणे, "तू साऱ्या जगाचे बाप काढतं कागदावर. तुह्या बाबाले काढ ना एकदा. मोठ्ठे काढ. दिसते तवरी पाहून घेतो."

लाज वाटली. सोळा वर्षं पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते, अन् हे तिला मागावं लागलं.

फोटो एकच आहे, पोस्टकार्डाएवढा. मूळचा वाळवीनं खाल्ला. बाबा गेल्यावर स्टुडिओवाल्यानं निगेटिव्हवरून हा दुसरा काढून दिला. लाइनमनच्या नोकरीतला, विजेच्या खांबाजवळ उभे, खिशात टेस्टर. वय एकतीस, त्याच वर्षी गेले. मी तेव्हा सहा वर्षांची. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. मला हा फोटो आठवतो.

आईला हा फोटो कधीच पटला नाही. "हे तुह्या बाबासारखे नाही दिसत," नेहमीचं पालुपद. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, लहान आहे, पुसट आहे. आजही बॅगेत ठेवताना म्हणाली, "मोठा केला का दिसन बरोबर."

११ मार्च, मंगळवार. अमरावती

फोटो स्कॅन केला. चेहरा अंगठ्याएवढा, मोठा केला की नुसते दाणे दाणे. कातडीचं एक छिद्र दिसत नाही. नाक म्हणजे एक सावली.

कागद मात्र भारीतला काढला, गुळगुळीत, जाड. ठेवणीतला. बाबांसाठी नाही तर कोणासाठी?

१६ मार्च, रविवार. अकोला

दादाला खिडकीत बसवून त्याच्या गालाचे जवळून फोटो घेतले. पुरुषाची कातडी, दाढीचे खुंट, छिद्रं, सगळं तिथून घेईन. दादा आईच्या माहेरावर गेलाय, नाकडोळे काही कामाचे नाहीत, पण कातडी चालते.

"काहून वं? माह्ये मुरुम मोजून राहिली का?"

"हो. जास्त निघाले तर दंड आहे."

वहिनी मशीनवर शर्ट शिवत होती, तिला हसू आवरेना. आई म्हणे, रंजना, सुई टोचून घेशीन.

२२ मार्च, शनिवार. अमरावती

चौकोन आखले. फोटोच्या कॉपीवर अर्ध्या सेंटिमीटरचे, कागदावर चार सेंटिमीटरचे. टू-एच पेन्सिलनं, इतके फिके की मलाच दिसू नयेत.

वर्गात पोरींना हेच सांगते. एक चौकोन उघडा ठेवा, बाकी सगळं कोऱ्या कागदानं झाका. आपण डोळा काढतोय हे विसरा, फक्त काळं कुठं अन् पांढरं कुठं ते पाहा. डोक्याला माहीत असलेलं हातात येऊ द्यायचं नाही. माझा हात सगळा ह्याच्यावर उभा आहे.

वरून सुरुवात केली. केस. स. ५ ते ७॥, मग शाळा.

२ एप्रिल, बुधवार. अमरावती

कपाळ झालं. एच, मग एचबी, मग टू-बी, एकावर एक पातळ थर. कापसानं एकजीव, मग कणकेसारखा मळता येणारा खोडरबर टोकदार करून टिपून टिपून छिद्रं उचलायची. एका कपाळाला पाच सकाळी.

उजव्या भुवईत केसांची एक फट आहे. ती काढताना हात थांबला. कशानं झाली असेल? आईला फोन लावला. "सायकलवरून पडले होते, लग्नाच्या आधी. मले सांगितलं तारेवरून पडलो म्हनून." अन् हसली. फोनवर आई अशी हसलेली किती दिवसांनी ऐकली!

९ एप्रिल, बुधवार. अमरावती

बेचाळीस झालंय. कूलर लावला की कागद सादळतो, ग्रेफाइट धरत नाही, गालावर डाग डाग दिसतात. बंद केला की मनगटाचा घाम. बटर पेपर हाताखाली, कपाळाला रुमाल. आज घामाचा थेंब कॉलरच्या दोन बोटं बाजूला पडला. जीव उडाला होता. टिपला, वाळू दिला, वाचलं.

बुबुळ काळं करायला ग्रेफाइट पुरत नाही, चमकते. तिथं कोळशाची पेन्सिल. मग त्यात इलेक्ट्रिक खोडरबरनं एक ठिपका पांढरा.

ठिपका दिला अन् बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं! खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. तरी पाहूनच राहिले होते.

१२ एप्रिल, शनिवार. अमरावती

झालं. शर्ट, खिशाची वरची कड, टेस्टरची क्लिप, पट्टीवरचं एक तुटकं बटण. अख्खं उघडलं तेव्हा माझेच डोळे भरले. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम. हे मी उगाच म्हणत नाही, मला माझं काम कळते.

१४ एप्रिल, सोमवार. अकोला

गल्लीत सकाळपासून निळे झेंडे, खीर, लाउडस्पीकर. घरात पाहुण्यांसोबत बुद्धवंदना झाली. मग मी चित्र भिंतीला टेकवलं, उजेड मागून नाही, बाजूनं घेतला. आईला समोर बसवलं. ती डाव्या डोळ्यानं हळूहळू मान फिरवत पाहू लागली, वरून खाली, तुकड्यातुकड्यानं. एकदम अख्खं तिला दिसतच नाही.

दादा म्हणाला, "बाप्पा! जित्ते वाटून राहिले."

मी विचारलं, दिसते ना?

"दिसते. सारं दिसते. केस न् केस दिसते." मग माझा हात धरला. "काम लय चांगलं केलं बाई तू. पन हे ते नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"आता काय सांगू? ते असे नोते पाहत. हा कोनी दुसराच मानूस हाय."

मी ओरडली. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. म्हटलं, तुला दिसतच नाही तर तू काय ओळखणार! तोंडातून गेलं. आईनं नुसती मान हलवली, हो म्हणाली.

१५ एप्रिल, मंगळवार. अमरावती

सकाळच्या गाडीनं परत. चित्र तिकडेच राहिलं, उचलायची इच्छा नव्हती.

काय बोलून बसली मी आईला? फोन केला, तिनंच उलट विचारलं, जेवली का. कालचा शब्दही नाही. त्यानं जास्त रडू आलं.

२० एप्रिल, रविवार. अमरावती

दुपारी वहिनीचा फोन.

"ताई, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडं काहून हाय?"

मला कळलंच नाही.

"जेंट्स शर्टाले खिसा डावीकडं असते ना. अन् बटनपट्टी बायकांच्या ब्लाउजावानी लागली हाय. मी सहा दिवसांपासून पाहून राहिली. कोन्या टेलरनं शिवला असा, म्हनलं!"

स्कॅन उघडला. खिसा उजवीकडं. भांग उजवीकडं. पट्टी उलटी. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह पालथी ठेवली होती, डावं ते उजवं झालं. पस्तीस वर्षं भिंतीवर उलटे बाबा, अन् आई एकटी म्हणत होती की हे ते नाहीत. आम्ही सगळे शहाणे तिला समजावत होतो.

अन् मी? पापण्या मोजल्या. तुटकं बटण काढलं. खिसा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं नाही, कारण एका वेळी एकच चौकोन उघडा होता. वर्गातल्या पोरींना काय तोंड दाखवू!

२६ एप्रिल, शनिवार. अकोला

आधी माफी मागितली. आई म्हणे, "कायची?" तिला खरंच आठवत नव्हतं की नाटक केलं, कोण जाणे.

आतल्या खोलीत कपाटाचा मोठा आरसा आहे. वहिनीनं चित्र त्याच्यासमोर धरलं, मी आईला आणून आरशाकडे तोंड करून उभं केलं. म्हटलं, आता पाहा. तिची मान फिरू लागली. शोधलं, शोधलं, अन् थांबली.

"अगं माय वं!"

मग अगदी हळू, "आले."

हात पुढं करून आरशाला लावला. भांगावर, भुवईवर. "हेच. असेच पाहत. कामावून आले का दारातून असेच पाहत." वहिनी रडून राहिली होती, चित्र हलत होतं, आई तिला म्हणे, "हालवू नको वं, जाऊन राहिले ते." दादा बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मी आईला घट्ट धरून उभी होती. इतकी हलकी झाली आहे ती.

थोड्या वेळानं तिची मान जराशी सरकली अन् आरशात तिला ती स्वतः दिसली, बाबांच्या बाजूला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"किती वर्साचे हायेत हे इथं?"

"एकतीस. तूच सांगितलं."

"केवढंसं पोरगं हाय वं हे." आवाज बदलला तिचा. "माह्याजवळ नको ठेवू. माय-लेक वाटते."

२७ एप्रिल, रविवार. अकोला

चहा घेताना सांगितलं, स्कॅन सुलटा करून नवं काढते, महिनाभर लागेल. आता कुठं काय चुकलं ते माहीत आहे.

"तसे नको," आई म्हणाली. "पाह्यले मी ते. आता म्हातारे काढ. माह्याएवढे."

"फोटो नाही ना आई."

"नसन."

"मी फोटोवरूनच काढते. मनानं नाही येत मला."

"इतकी वर्सं माह्यासंगं राह्यले असते तं कसे दिसले असते, ते काढ." मग, "मले ठावूक हाय कसे दिसले असते. मी सांगतो ना तुले."

दादा म्हणाला, आई, काहीही नको मागू. मी म्हटलं, मागू दे.

पण मनानं मी शेवटचं चित्र सातवीत काढलं असेल. डोंगर, सूर्य, झोपडी. हे कसं जमावं?

२ मे, शुक्रवार. अमरावती

शाळा संपली. तीन दिवस म्हाताऱ्यांचे फोटो पाहत बसली. कोणाच्याही सुरकुत्या आणून बाबांना चिकटवायच्या? दादाची कातडी चालली, पण सुरकुती कशी चालेल? माणूस आयुष्यभर जसा हसतो, चिडतो, उन्हात डोळे बारीक करतो, तशा पडतात त्या. बाबा किती हसायचे, मला काय माहीत.

आईचा फोन. सकाळी गॅस कोणत्या बाजूला आहे ते सापडलं नाही म्हणे. हसून सांगितलं. मी आज रात्री बॅग भरते, उद्या निघते, सुट्टीभर तिकडेच.

४ मे, रविवार. अकोला

खिडकीत टेबल लावलं. फोटो ठेवला नाही. सोळा वर्षांत असं पहिल्यांदाच, समोर नुसता कोरा कागद. चौकोनही आखले नाहीत, आखून त्यात पाहायचं काय?

पांढरे केस आधी ठरवावे लागतात. बोथट सुईनं कोऱ्या कागदावर दाबून रेघ ओढायची, मग वरून पेन्सिल फिरवली की ती रेघ पांढरीच राहते. नंतर नाही करता येत. आईला विचारलं, दाढी ठेवली असती का त्यांनी?

"रोज करत. रयवारी नाही."

"मग कोणत्या वाराचे काढू?"

"रयवारचे काढ. घरी राहत रयवारी."

म्हणजे पांढरे खुंट आले. अन् सुरकुत्या? आई खुर्ची ओढत माझ्यासमोर आली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"हास."

"कारण नसताना काय हासू?"

"हास म्हनलं ना!"

हसली. "अशी नाही, फोटोले हासल्यावानी. मास्तरीन झाली तं हासनं इसरली का?" तेव्हा मात्र खरं हसू फुटलं. आईनं झटकन माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बोट नाकाच्या बाजूनं ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलं. "हे. इथं पडली असती. अन् डोयाच्या बाजूनं तीन, ह्या अशा. डाव्या बाजूची जास्त खोल. तुह्या पडूनच राहिल्या हायेत."

मी आता बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. हे कधी सुचलंच नव्हतं. माझ्या तोंडावर ते पुढं म्हातारे होत आले, अन् मी रोज सकाळी दुसऱ्यांचे बाप काढत बसली. आई बोटानं दाखवत गेली, मी कच्च्या कागदावर उतरवत गेली. दोघी मधूनच रडलो, मधूनच हसलो. वहिनीनं जेवायला तीनदा बोलावलं.

"किती दिवस लागन?"

"महिना धर."

मी समजावलं, की केसांपासून खाली येत जाते मी, म्हणजे हात घासून काम खराब होत नाही. डोळ्यांपर्यंत यायला आठवडा जाईल.

"डोये पयले काढ," आई म्हणाली. "बाकीचं मांगून काढशीन. मी नाही पाह्यलं तरी चालन."

कागद सरळ केला, हाताखाली बटर पेपर घेतला. डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली.