घागरवालीचा हात

मळलेलं टाकून कुणी उठतं का रे? कणीक असो नाहीतर तुझं ते हिरवं लुकण, एकदा मळलं की संपवायचं, ही माझ्या घरातली रीत तुला लहानपणापासून ठाऊक. तरी माझ्यापुढं गोळा ठेवलास, "आजी, तू वळायला घे, मी तार घेऊन आलोच," म्हणालास आणि गाडीला लाथ मारलीस. आलोच! जळगावच्या रस्त्यावर ट्रक आडवा आला. इकडं गोळ्याचा दगड झाला.

चेतन, बेटा, हे आधी सांगून मोकळी झाले. आता ख्यालीखुशाली.

आजी कधीपासून पत्रं लिहायला लागली, असं म्हणशील. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, हसू नकोस. परवा आखाजी आहे, अक्षय्य तृतीया, गेलेल्यांच्या नावानं घागर भरायचा दिवस. या घरात आजीच्या नावाची घागर नातवानं भरायची होती. तू उलटं करून ठेवलंस. आता तुझ्या नावाची मी भरायची! आणि त्याच्या आधी, उद्या सकाळी, तुझा बाप सुधाकर तुझं सगळं खेळातलं सैन्य तापीत सोडायला निघालाय. म्हणून लिहिते.

पत्र्याची पेटी ओट्यावर आणून ठेवलीय सुधाकरनं. मी विचारलं, हे काय? तर मान खाली घालून म्हणतो, "माय, कोणाचं मुंडकं तुटेल हाये, कोणाचा हात तुटेल हाये. भंगेल मूर्ती घरात ठेवत नही. घागर भरायच्या आधी घर मोकळं करतो."

"भंगेल नहीत त्या, अर्ध्या हायेत," मी म्हटलं. "ज्यानं मुंडकं कापलं, तोच दुसरं बसवणार होता."

त्यानं पेटीची कडी लावून घेतली. तुझ्या बापाचं गप्प बसणं तुला माहीत आहे. भिंतीशी बोललेलं बरं.

ते शिपाई तू पहिल्यांदा आणलेस तो दिवस आठवतो? बोटाच्या पेराएवढी उंची, राखेसारखा रंग. दिवसभर जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, आणि घरी आलं की ब्लेड घेऊन याचं डोकं काप, त्याचा हात तोड, याचा त्याला चिकटव. मी म्हटलं, "खाटकाचा धंदा काढला का रे?"

"आजी, विकत मिळतात ते सगळे एकासारखे एक. माझे माझ्यासारखे पाहिजेत."

म्हणून तुला त्यांना पागोटी बांधायची होती. पिवळी पट्टी आणि निळी पट्टी एकत्र मळायची, की हिरवं लुकण तयार. घट्ट व्हायच्या आत काम उरकायचं. तू केलेलं पहिलं पागोटं बघून मला म्हैस आठवली. पो टाकल्यासारखं दिसत होतं! मी तेव्हा शेजारच्या लग्नाचे गव्हले वळत बसले होते, चिमटीत कणीक धरून तांदळाच्या दाण्याएवढे. तू माझ्या बोटांकडं बघत राहिलास. मग एक कण पुढं केलास, "याचं वळ." बोट पाण्यात बुडवलं, वळलं, लांबवलं, दोरा निघाला. तू तो सुईनं उचलून शिपायाच्या डोक्याला गुंडाळलास आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसलास.

"आजी, कामावर येशील का?"

"पगार किती?"

"पगार नाही."

"मग या घरात सून म्हणून आले तसंच झालं की!"

किती हसलास तेव्हा. तेव्हापासून सैन्यातल्या पागोट्यांचे पीळ, कमरेचे दोर, घोड्यांच्या आयाळी माझ्या. तुझं ते नाकडोळ्यांचं काम माझ्या नजरेला झेपायचं नाही.

मग एका रविवारी मला देवपूरला नेलंस, तुझा खेळगडी मिलिंद याच्या घरी. थर्माकोलचे डोंगर, हिरवं कापड, दोन बाजूंनी सैन्यं. टेप लावून अंतर मोजायचं, फासे टाकायचे. फासे काही तुझे नव्हते त्या दिवशी. तुझा एक एक शिपाई उचलून बाजूला ठेवत होते.

"मेले का हे?" मी विचारलं.

मिलिंद म्हणाला, "आजी, काळजी करू नका. पुढच्या रविवारी सगळे परत उभे."

तेव्हा मी म्हटलं होतं, बरं आहे बाबा तुमचं. आता म्हणवत नाही.

त्याच दिवशी मी विचारलं, "इतके लढवय्ये जमवले, यांना पाणी कोण पाजतं?" तुम्ही दोघं हसलात. पण परतीच्या बसमध्ये तू तिकिटाच्या मागं घागर काढत बसलास. दुसऱ्या दिवशी एका भालेवाल्याचा भाला कापलास. त्याला लुगडं चढलं, डोक्यावर पदर आला, कडेवर तुरीच्या दाण्याएवढी घागर आली. एक हात घागरीला. दुसरा पाणी द्यायला पुढं करायचा होता, आणि तोच राहिला. नुसत्या लुकणाचा हात लोंबतो, आत तारेचं हाड लागतं, असं तूच सांगितलंस. त्या तारेसाठी गेलास.

आता एक विचारते, रागावू नकोस. केळीच्या मळ्यातली पाणी उपसायची जळालेली मोटार खळ्यात पडली होती ना? तिच्यात तांब्याची तार हवी तेवढी. तुला दिसत नव्हती? दिसत होती. पण ती बापाला मागावी लागली असती! त्यानं एकदा मजुरांसमोर म्हटलं, "लग्नाच्या वयात बाहुल्या खेळतो," तेव्हापासून तू त्याच्याकडं काही मागायचं सोडलंस. तो बोलून चुकला, आणि तू गिळून बसलास. दोघंही एकाच मातीचे! घरात तार असताना मुलगा जळगावला जातो, याला काय म्हणावं?

तेरावा झाल्यापासून सुधाकर खळ्यात पाय ठेवत नाही. भंगारवाला मोटार मागायला आला, तर त्याला दारातूनच हाकललं. त्याला भंगलेल्या मूर्तींची भीती नाही रे. मी जन्म दिलाय त्याला, मला नको शिकवू.

मिलिंद मागच्या आठवड्यात येऊन गेला. बिचारा पेटीजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "काका, नदीत नको. मी जपून ठेवतो. आमच्या टेबलावर त्याची बाजू त्याचीच राहील." तुझ्या बापानं त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. जाताना पोरानं माझ्या पायाला हात लावला. तुझ्या मायनं ते बघितलं आणि आत गेली. ती हल्ली आतच असते.

तो दगड झालेला गोळा मी ठेवलाय. काही कामाचा नाही. पण त्यावर तुझा अंगठा उमटलाय, रेघ न् रेघ दिसते. कनवटीला असतो. कुणी विचारलं तर सुपारी आहे म्हणते.

तर ऐक, शब्द देते. परवा नवी घागर आणीन, वर तू खरबूज म्हणायचास ते डांगर आणि आंबा ठेवीन, पुरणपोळीबरोबर रसही करीन, कारण रसाशिवाय तू ताटावर बसत नाहीस. पेटीत लुकणाची एक पट्टी शिल्लक आहे. घागरवालीचा हात मी करीन. बोटं अजून चालतात. वाकडा झाला तर वाकडा, नावं ठेवायला तू इथं नाहीस. मग ती सगळ्यांच्या पुढं उभी राहून देवपूरला जाईल. तुझ्या शिपायांनी तहानेलं राहून लढायचं नाही.

तुझी बिनपगारी,
आजी

सुधाकर, हा कागद मी पेटीवर ठेवलाय, तूच पहिला वाचशील. याचं उत्तर चेतननं द्यायचं नाही, तू द्यायचं. तोंडानं जमत नसेल तर खळ्यात जा आणि वीतभर तार काढून माझ्यापुढं ठेव.