रिकाम्या गाडीवरची ताडपत्री

तेलगाव
२३ फेब्रुवारी २०२५

ती. पंचशीला वहिनींना,
सप्रेम जय भीम. वि. वि.

संघमित्राच्या लग्नाची तारीख ठरल्याचं दादांकडून कळलं आणि फार आनंद झाला. लग्नाचं बोलणं फोनवर नको, असं तुम्ही मला बजावलं आहे. फोनवर मी कारखान्याची अधिकारी होते आणि कागदावर नणंद राहते, असं तुमचं म्हणणं. म्हणून हे पत्र.

रुखवतासाठी कुरडया परळीहून विकत आणणार, हे ऐकून मात्र वाईट वाटलं. मागच्या उन्हाळ्यात तुमचं वाळवण राखाडी झालं, त्याला आमच्याच गाड्या कारण होत्या. परळीच्या वीज केंद्रातली राख घेऊन त्या तुमच्या वाडीतल्या रस्त्याने आमच्या विटांच्या कारखान्यावर येतात. राखेच्या गाड्या त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाच्या नाहीत, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोयही नाही.

पण वर्षभरात इथे पुष्कळ बदललं आहे. राखेच्या ढिगावर छप्पर आलं. आवारात पाण्याचे फवारे बसले. आमच्या विटा भाजायच्या नसतातच, पाणी मारून मुरवायच्या असतात, त्यामुळे धूर नाही. शिवाय राख भरलेली प्रत्येक गाडी ताडपत्रीने झाकायची, हा नियम मी स्वतः लिहिला आणि तो पाळला जातो. आवारातल्या यंत्रावर धुळीचा आकडा निम्म्याहून खाली आला आहे. नोकरीत इतकं समाधान क्वचित मिळतं. (दादांचं नावच समाधान, म्हणून थट्टा करते आहे असं समजू नका.)

तेव्हा वहिनी, लेकीच्या रुखवतात विकतचं नको. कुरडया खुशाल गच्चीवर घाला. माझा शब्द आहे.

संघमित्राला गोड पापा. माझ्यावरची माया उन्हाळ्यातही आटू देऊ नका.

तुमची,
प्रियदर्शनी


टेंभीची वाडी
५ मार्च २०२५

प्रिय प्रियदर्शनीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या शब्दावर थोडा गहू भिजत घातला, चीक काढला, शिजवला आणि पहिला घाणा गच्चीवर घातला. सकाळी मोगऱ्यासारख्या पांढऱ्या होत्या, सांजच्याला उंदराच्या रंगाच्या झाल्या. तळून पाहिल्या तर दात शिवशिवले. सोबत पुडी पाठवते. साहेबीणबाईंनी चव घ्यावी.

शेजारच्या साखराबाईला तर निमित्तच पाहिजे होतं. म्हणाली, तुमच्या नणंदेनं कारखाना झाडला आन कचरा आपल्या दारात लोटला. मी तिला गप केलं, पण आतून मलाबी तेच वाटत होतं. तुझे दादा म्हणाले की कारखान्याचं यंत्र कारखान्यातच बसतं, त्याला आपली वाडी कुठून माहीत असणार.

तू म्हणशील, एवढं काय कुरडयांचं! माझ्या लग्नात माझी माय ऊसतोडीला होती. माझ्या रुखवतात दोन तांबे होते आणि त्यातला एक उसना. मांडवात बाया कशा एकमेकींकडं बघत होत्या ते मी अजून विसरले न्हाई. मित्रा म्हणते की आई, रुखवत कावून पाहिजे, आजकाल कोण बघतंय? तिला काय सांगू? लेकीची टोपली माझ्या हातच्या कुरडयांनी पांढरीशुभ्र दिसावी, एवढी एकच हौस हाय. विकतच्यांनी ती भागत न्हाई आणि असल्या कुरडया तर मीच मांडू देणार न्हाई.

राग धरू नको. पण एक दिवस येऊन गच्चीवर बस आणि बघ.

तुझी वहिनी,
पंचशीला


तेलगाव
१९ मार्च २०२५

ती. वहिनींना,
सप्रेम जय भीम. वि. वि.

त्या रविवारी मी गच्चीवर घुम्यासारखी बसून राहिले, तुमची शेंगदाण्याची आमटीही अर्धी टाकली, म्हणून तुम्ही रुसलात. त्या वेळी बोलायचं धाडस नव्हतं. आता लिहिते.

परळीकडून येणाऱ्या आमच्या सगळ्या गाड्या झाकलेल्या होत्या, डोईवरून पदर घेतलेल्या बायांसारख्या. मला अभिमान वाटला. मग त्याच गाड्या राख उतरवून परत निघाल्या. रिकाम्या, उघड्या आणि सुसाट. हौद्याच्या तळाला चिकटलेली राख तुमच्या वळणावर वाऱ्याने उचलली आणि ती सरळ गच्चीवर आली. माझ्या चष्म्यावरही बसली.

माझा नियम कुणी मोडलेला नव्हता. नियमातच ‘भरलेली’ असा शब्द होता आणि तो मीच घातला होता. गेटाच्या आत जे दिसलं तेवढ्यालाच मी परिणाम समजले आणि त्या जोरावर तुम्हाला शब्द देऊन बसले. त्याची लाज वाटते. वार्षिक अहवालात ‘धूळ कमी झाली’ असं लिहिलं होतं, ते ‘आवारातली धूळ’ असं दुरुस्त केलं आणि रस्त्यावर मोजणी झालेली नाही, हेही खाली लिहिलं.

मग बैठकीत मी मांडलं की रिकामी गाडीही धुऊन, झाकूनच सोडायची. आमचे मालक आबासाहेब म्हणाले की ऐन उन्हाळ्यात गाड्या धुवायला पाणी आणायचं कुठून? बजरंग ड्रायव्हरने विचारलं की मॅडम, रिकाम्या गाडीला कसली आलीय लाज, तिला कावून झाकायचं? सगळे हसले. तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर मी तुमच्या पुडीतल्या कुरडया तळून ठेवल्या होत्या. आबासाहेबांनी एक मोडून तोंडात टाकली आणि त्यांचा जबडा जागीच थांबला. थुंकावी की गिळावी ते कळेना. शेवटी म्हणाले की हिला तर आपल्या विटेची चव आहे. मी म्हणाले की आपलीच आहे साहेब, फक्त आकार वेगळा.

आता राख उतरली की हौदा झाडायचा, धुवायचा आणि रिकामी गाडीसुद्धा झाकूनच सोडायची. धुण्याचं पाणी टाकीत साठवून विटांच्या मिश्रणात घालायचं. तिथे पाणी लागतंच, त्यामुळे आबासाहेबांचा प्रश्न सुटला. नियमातला ‘भरलेली’ हा शब्द मी खोडला. धुळीचं एक यंत्र आता वाडीतल्या शाळेच्या छतावर बसेल.

या वेळी शब्द देत नाही, वहिनी. थोडा गहू भिजवून बघा आणि जे होईल ते न लपवता कळवा.

रुसवा निम्मा तरी सोडा, उरलेला लग्नात फेडून घ्या.

तुमची,
प्रियदर्शनी


टेंभीची वाडी
९ एप्रिल २०२५

प्रिय प्रियदर्शनीस,
जय भीम आणि उदंड आशीर्वाद.

तुझं यंत्र शाळेच्या छतावर बसलं. पोरं त्याला सलाम करतात. त्यात काय आकडा आला ते गुरुजींनी सांगितलं, पण मला त्यातलं काही कळलं न्हाई. थोडा गहू भिजव असं तू लिहिलं होतंस, तेही मी ऐकलं न्हाई.

झालं असं. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यात बजरंगची गाडी परत जाताना आमच्या वळणावर थांबली. ताडपत्रीचा दोर सुटून फडफडत होता. गाडी रिकामी, रस्त्यावर कुणी माणूस न्हाई, तुमचा साहेब न्हाई. मी गच्चीवर होते ते त्याला दिसलंबी नसेल. तो खाली उतरला, ताडपत्री ओढून घेतली, दोर आवळून गाठ मारली, हात झटकले आणि गेला. साखराबाई म्हणाली की बघा बाई, आतमधी नवरी बसल्यासारखं झाकतोय. त्याच दिवशी मी रुखवताचा सगळा गहू भिजत घातला.

काल कुरडया वाळल्या. दादांनी एक उन्हात धरून पाहिली आणि खाऊन टाकली. मग आणखी एक मागितली. म्हणजे तुला कळलं असेलच. मित्रा रुखवत नको म्हणत होती, आता टोपली उचलून साऱ्या गल्लीत दाखवत हिंडते आहे. साखराबाईनं आज स्वतःचा गहू भिजवलाय आणि सोऱ्या माझा नेलाय.

सोबत दोन पुड्या आहेत. मोठी तुझी. लहान आबासाहेबांची, ती चहाबरोबरच दे आणि ते चावतील तेव्हा तोंडाकडं बघ. बजरंगला मांडवात जेवायला बोलवलंय. तू मात्र अधिकारी म्हणून येऊ नको, रुखवत मांडायला आदल्या दिवशीच ये. नवऱ्या मुलाची आई टोपलीत हात घालील तेव्हा तू माझ्या शेजारी उभी पाहिजेस.

रुसवा संपला. माया होती तेवढीच हाय, वरून दोन पुड्या.

तुझी वहिनी,
पंचशीला